कोऱ्या चहाच्या रंगाचं सलाईन

बदलापूरच्या आमच्या वाचन गटात मला घेतलं ते मला कामं लावून देता येतात म्हणून. कोण येणार, चहा कोण आणणार, हॉलची किल्ली कोणाकडे, पुढच्या वेळी काय वाचायचं, हे सगळं मी ग्रुपवर टाकते आणि लोक खाली अंगठे लावतात. वाचनाबद्दल मी फारसं बोलत नाही. कादंबरी असली तर वाचते, कारण तिला शेवट असतो. कविता असली की मी चहाकडे लक्ष देते.

नोकरीने मी नर्स. राहते अंबरनाथला, ड्यूटी बदलापूरच्या पलीकडच्या एका सरकारी आरोग्य केंद्रात. गरोदर बायकांची तपासणी, बाळांच्या लसी, औषधांचा साठा, सगळं माझ्याकडे. आमच्या कामात ज्याला क्रम लावता येत नाही त्याचा दिवस दुपारीच हातातून जातो. मी सकाळी बसमध्ये बसले की दिवसाची कामं मनात एकाखाली एक मांडते आणि झालं की खोडते. नवरा म्हणतो, झोपेतसुद्धा तुझी बोटं हवेत बरोबरच्या खुणा करतात. त्याला म्हणावं, तुझंही नाव त्यात असतं, गॅस बंद केला का या ओळीपुढे.

तर त्या महिन्यात गटासाठी कविता आली. गटातले सगळ्यात ज्येष्ठ म्हणजे एमआयडीसीतल्या एका कंपनीतून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले गृहस्थ, त्यांना आम्ही काका म्हणतो. त्यांनी झेरॉक्स वाटल्या आणि फर्मान काढलं, "या वेळी प्रत्येकाने पाच मिनिटं बोलायचं. कवितेबद्दल नको. कविता वाचून तुमचं काय झालं, ते सांगायचं."

"काका, मी बोलणाऱ्यांची नावं लिहून घेते," मी म्हटलं.

"घ्या. आणि पहिलं तुमचं लिहा."

कविता एका दूरच्या देशातल्या, काळ्या वर्णाच्या कवयित्रीची होती. भाषांतर सोपं होतं. एक आई आहे. तिच्या मुलीचा शाळेचा पहिला दिवस आहे. रात्रीतून कुणीतरी त्यांच्या उंबऱ्यावर काजळी आणि चिखल ओतून गेलंय, कारण ह्या रंगाची माणसं त्या गल्लीला नको आहेत. शेजारीण येऊन सांगते, पोरीच्या तोंडाला जरा पावडर लाव, शाळेत सोपं जाईल. घरात पाणी आहे एक बादली. आई म्हणते, पोरीला घासण्यात मी हे पाणी घालवणार नाही, ते उंबऱ्यासाठी आहे. ती उंबरा धुते. ओल्या उंबऱ्यावरून मुलगी बाहेर पडते. तिथे कविता संपते.

मी ती दोनदा वाचली. माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं ते खरं सांगायचं तर असं, की चिखल आधी सुका खरवडून घ्यायचा आणि मग पाणी टाकायचं, अर्ध्या बादलीत काम होतं. हे काही पाच मिनिटं बोलण्यासारखं नव्हतं. मी कागदाची घडी घालून पर्समध्ये टाकली.

त्याच आठवड्यात चामटोलीकडची एक मुलगी तपासणीला आली. मुलगी म्हणजे लग्न झालेली, पहिलटकरीण, सातवा महिना लागलेला. दिवस राहण्याआधी ती अंबरनाथला एका कारखान्यात पॅकिंगला जायची, शेअर रिक्षाने, पहिल्या पाळीला. हसरी, पण त्या दिवशी पायऱ्या चढून आली ती भिंतीला धरून उभी राहिली. डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली, आत कागदासारखं पांढरं. रक्त तपासलं. हिमोग्लोबिन सातच्या जेमतेम वर. मागच्या वेळेपेक्षाही खाली.

"गोळ्या घेतेस ना?"

"हो सिस्टर."

"रोज?"

"हो सिस्टर." दुसऱ्या वेळी तिने सासूकडे बघितलं. सासू बरोबर होती. ठेंगणी, काळी, हातात काचेच्या हिरव्या बांगड्या, मांडीवर पिशवी घट्ट धरून बसलेली.

लोहाच्या गोळ्या महिनोन्महिने घेतल्या आणि रक्त खाली गेलं, असं सहसा होत नाही. डॉक्टरांनी ठरवलं की आता गोळ्यांची वाट बघायची नाही, लोह सलाईनमधून द्यायचं. पहिलटकरणीच्या अंगात रक्त इतकं कमी असेल तर बाळंतपणात थोडंसं जास्त गेलेलंसुद्धा तिला झेपत नाही. मी हे दोघींना नीट सांगितलं. मुलीने मान हलवली. मी तिला खाटेवर झोपवलं, सुई लावली, बाटली टांगली.

लोहाचं औषध सलाईनमध्ये घातलं की बाटलीचा रंग कोऱ्या चहासारखा होतो, काळपट तांबडा. आम्हाला त्याचं काही वाटत नाही. सासू बाहेर बाकावर होती, ती आत आली, वर बघितलं आणि जागच्या जागी थांबली.

"हे काय लावलंय?"

"लोह आहे, मावशी. रक्त वाढायला."

"हे काळं पाणी तिच्या अंगात जाणार?"

"थेंब थेंब जाणार. काही त्रास होत नाही."

"काढा."

मला वाटलं घाबरली आहे, समजावू. पण ती घाबरलेली नव्हती, तिचं ठरलेलं होतं. सुनेच्या डोक्याखालची पिशवी ओढून तिने तिला उठवलंच. मी सुई काढली नसती तर ती मुलगी बाटलीसकट निघाली असती. रिक्षात बसताना त्या मुलीने एकदा मागे बघितलं. मी कापसाचा बोळा हातात धरून दारात उभी. औषध अर्ध्याहून जास्त बाटलीतच.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी गेले. घर गावाच्या कडेला, पुढे अंगण, अंगणात तुळस आणि एक मोटरसायकल. नवरा कामावर. सासूने बसायला पाट दिला, पाणी दिलं, आणि समोर बसली. रागावलेली नव्हती. पाहुणचारात कसर नाही आणि ऐकून घेणार काही नाही, असा तो बसण्याचा प्रकार होता.

मी माझे मुद्दे काढले. मुलीचं रक्त किती, हवं किती, बाळंतपणात काय होऊ शकतं, मागच्या वर्षी जवळच्याच एका गावात काय झालं. ती ऐकत राहिली. मग उठली, देवाखालच्या फळीवरचा प्लास्टिकचा डबा काढून माझ्यापुढे ठेवला. आत सगळ्या लाल गोळ्या. पाकिटंसुद्धा न फोडलेली.

"सरकारचं औषध हाय, फेकाचं नाय. म्हणून ठेवलंय," ती म्हणाली. "घ्या परत. दुसऱ्या कोणाला द्या."

"हिने एकही घेतली नाही?"

"पयले आठ दिवस घेतल्या. मग परसाकडं काळं व्हायला लागलं. तूच सांग गं सिस्टरना."

मुलगी भिंतीकडे बघून म्हणाली, "व्हायचं."

"आता सांगा," सासू म्हणाली, "पोटातनं जे काळं निघतंय, ते पोटात कसलं असंल? त्यात पोर बसलंय. ते गोरं कुठनं व्हायचं?"

आजवर हे मी ऐकलं नव्हतं असं नाही. लोहाच्या गोळ्यांनी बाळ काळं होतं, हे आमच्या भागात अर्ध्या घरांत मानतात, फ्लॅटमध्येही मानतात. माझ्या वेळी माझ्या आईने उल्हासनगरच्या बाजारातून केशराची डबी आणून दिली होती आणि मी ते दूध मुकाट प्यायले होते, नर्स असूनही. पण इतक्या मुद्देसूदपणे कुणी माझ्यापुढे मांडलं नव्हतं. तिने बघितलं होतं, आणि बघितलेल्यावरून हिशेब बांधला होता.

मी म्हटलं, "मावशी, विळीवर केळफूल चिरता ना? बोटं काळी होतात. मग ती भाजी खाऊन माणूस काळा होतो का? तसंच लोखंडाचं आहे. जेवढं अंगाला लागत नाही तेवढं बाहेर पडतं. बाळाच्या रंगाशी त्याचा संबंध नाही."

"बोटं धुता येतात."

यावर मुलगी फिस्सकन हसली आणि पदर तोंडाला लावला. सासूही थोडी हसली. मग म्हणाली, "हसू नको. तू हाय निमगोरी, तुला काय कळणार."

आणि तिने सांगितलं. त्या दोघी बहिणी. धाकटी उजळ, ही काळी. लावणीच्या दिवसांत, कापणीच्या दिवसांत, ऊन असो नाहीतर चिखल, घरातून निघायची ती हीच. आई म्हणायची, तू जा, तू तशी पण काळीच, तिला नको ऊन लागायला. धाकटी घरात भाकऱ्या करायची आणि शाळेत जायची. ही शेतात. "काळी म्हणून उन्हात, आणि उन्हात म्हणून आणखी काळी," ती म्हणाली. "पाव्हणे आले धाकटीला बघायला, तवा मला सांगितलं, बांधावर जाऊन बस, ते गेल्यावर ये. मी बसले. पाव्हणे जेवून गेले तरी मला कोण बोलवायला आला नाय. मी आपली बसलेली."

तिने हे रडत सांगितलं नाही. बाजारात भेंडीचा भाव काय होता तसं सांगितलं.

"आता मला सांगा सिस्टर, माझं नातवंड बांधावर बसवू का?"

तिची चूक गोळीबद्दल होती. गावाबद्दल, माणसांबद्दल तिची काहीच चूक नव्हती. तिला सुनेला मारायचं नव्हतं, जे येणार होतं त्याला वाचवायचं होतं, आणि वाचवायची तिला माहीत असलेली वाट तेवढी एकच होती. मी काहीतरी करायचं म्हणून पर्समधून रिपोर्टचा कागद काढायला गेले आणि हाताला आधी दुसरीच घडी लागली.

"काय म्हणतो रिपोर्ट?" सासूने विचारलं.

"हा रिपोर्ट नाही. कविता आहे."

"दवाखान्यात आता कविता पण वाटतात का?"

"नाही हो, ही माझी. एका बाईने लिहिलेली. काळ्या बाईने. तिच्या मुलीबद्दल आहे."

"कुठली?"

"लांबची. परदेशातली."

"वाचा बघू."

मी वाचली. सरळ, औषधाची चिठ्ठी समजावून सांगते तशी. मुलगी भिंतीपासून थोडी पुढे सरकली. उंबऱ्यावर काजळी ओतली तिथे सासूने हात वर करून मला थांबवलं.

"उंबऱ्यावर? कोणी?"

"त्याच गल्लीतल्या माणसांनी."

"त्यांना आयाबहिणी नायत का? उंबऱ्यावर कोण टाकतं घाण?" तिला मनापासून राग आला होता. मी पुढे वाचलं. एक बादली पाण्याशी पुन्हा हात वर.

"एकच बादली होती?"

"एकच."

"मग बरोबर केलंन. उंबराच धुवाचा." आणि लगेच, "पण तिला काय जातंय बोलायला? तिच्या घरात सगळी तिच्याच रंगाची. सगळ्यांना एकच दुःख. इथं एका घरात दोघी असतात, एक गोरी एक काळी, आणि आईच निवडते. ते लिव म्हणावं."

मला पटलं. पुढचं वाचलं आणि कागद ठेवला.

"मग?"

"संपली."

"त्या पोरीचं पुढं काय झालं?"

"ते लिहिलेलं नाही. ती शाळेला निघते, तिथे संपते."

"शाळेत घेतलंन का तिला? मारलंनी का? काय नाय?"

"नाही."

"मग कशाला लिवली?" सासू वैतागली. माझी कवितांबद्दल हीच तक्रार, त्यामुळे मी तिची बाजू घेणार होते. तेवढ्यात मुलगी बोलली.

"आई, मला नाय गोरं पाहिजे."

"तुला काय पाहिजे ते कोण विचारतंय?"

"तेच तर. मला कोण विचारतच नाय." ती हळू बोलत होती, दम लागत होता म्हणून मध्ये थांबत होती. "तुमच्यासारखं झालं तर होऊ दे. तुमच्यासारखं तोंड पण असू दे, गावात कोण बांधावर बसवायची हिंमत करायचा नाय. पण त्याला न्हायला घालायला मी असाया पाहिजे ना? मला पायऱ्या चढवत नाय, आई. रात्री छातीत धडधडतं. मी तुम्हाला सांगितलं नाय."

सासूने तिच्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं, पापण्या, ओठ, नखं, मी केंद्रात बघते त्या क्रमाने. मग आत गेली. भांड्यांचा आवाज आला. मला वाटलं संपलं, आता चहा येणार आणि निरोप. चहा आला. कप माझ्या हातात देताना तिने विचारलं, "उद्या किती वाजता आणू हिला?"

दुसऱ्या दिवशी मी तयारी करून ठेवली होती. बाटली दिसू नये म्हणून हिरव्या कापडाची एक पिशवी शिवून घेतली होती, वरून घातली की रंग झाकला जातो. मला माझीच युक्ती फार आवडली होती. सुई लावली, बाटली टांगली, पिशवी चढवली.

"ते काय घातलंत?" सासूने विचारलं.

"झाकलंय. तुम्हाला नको दिसायला म्हणून."

"काढा. थेंब पडतात का बंद पडलं, ते कळायला नको?" आणि स्टूल ओढून ती बाटलीखाली बसली, मान वर करून, दूध उतू जाऊ नये म्हणून चुलीजवळ बसतात तशी. मध्ये एकदा मला हाक मारली, "सिस्टर, हळू झालं," आणि खरंच हळू झालं होतं. मुलीचा हात वाकडा झाला होता. मी सरळ केला.

लाल गोळ्यांचा डबा ती परत घेऊन आली होती. कधी घ्यायच्या विचारलं. मी सांगितलं, जेवणानंतर, आणि दुधाबरोबर नको, लिंबू पिळलेल्या पाण्याबरोबर. ती सुनेला रोज केशराचं दूध पाजत होती, त्याबद्दल मी काही बोलले नाही. दूध चांगलंच असतं. एका वेळी एकच गोष्ट.

वाचन गटात माझी पाळी पहिली होती, तेव्हा टाळता आलं नाही. मी हे सगळं सांगितलं, गाव आणि माणसं ओळखू येणार नाहीत अशा बेताने. पाच मिनिटांच्या वर गेले, आणि घड्याळ लावायला मीच होते म्हणून कुणी अडवलं नाही. काकांनी शेवटी चष्मा पुसला आणि म्हणाले, "चांगलं आहे. पण एक बघा. त्या कवितेमागे माणसांच्या खरेदी-विक्रीचा इतिहास आहे, कायद्याने बंद केलेली दारं आहेत. आपल्याकडचं हे सासूचं केशर-प्रकरण त्यात कसं बसवणार? आणि बसवायचंच तर आपल्याकडे जात आहे, तिथे का नाही जात तुम्ही?"

मी म्हटलं, "तुमचं बरोबर आहे, काका, दोन्ही बाबतीत. तिथे घाण टाकणारे बाहेरचे होते. इथे त्या बाईला बांधावर बसवलं ते तिच्या आईने. मी दोन्ही एक आहे असं म्हणत नाही. तुम्ही विचारलं होतंत, कविता वाचून तुमचं काय झालं. माझं हे झालं. जातीवर तुम्ही बोला, तुमची पाळी तिसरी आहे."

लोक हसले. काकांनी खरंच त्यावर बोलायला घेतलं, आणि ते कारखान्यातल्या पाण्याच्या माठाबद्दल जे बोलले ते मी इथे लिहीत नाही, ते त्यांचं आहे. मात्र सभा संपल्यावर खुर्च्या रचताना त्यांनी मला हळूच विचारलं, "मग आता किती झालं हिमोग्लोबिन?"

पुढे दर आठवड्याला ग्रुपवर कुणी ना कुणी हे विचारायचं. पुस्तकांपेक्षा जास्त चर्चा त्यावर झाली. मी आकडा सांगायची नाही, पेशंटची गोष्ट आहे. एवढंच लिहायची, चढतंय. आणि अंगठ्यांची रांग लागायची.

चढत होतं ते खरं होतं. आणखी सलाईन झाली, गोळ्या सुरू राहिल्या. डबा रिकामा झाला की सासू तो भरून न्यायला येऊ लागली, आणि बाकावर बसून आलेल्या दुसऱ्या बायकांना काळं का होतं ते सांगू लागली. तिचं सांगणं थोडं वेगळं होतं, त्यात केळफुलाबरोबर चिंच आणि पितळेची कळशीही आली होती. मी दुरुस्त केलं नाही. बायका गोळ्या घेऊन जात होत्या.

बाळंतपण उल्हासनगरला झालं, मोठ्या दवाखान्यात, मी आधीच पाठवून ठेवलं होतं. सकाळी मी लसींची शीतपेटी भरत होते तेव्हा फोन वाजला.

"सिस्टर, झाली. पोरगी."

"आणि ही?"

"बरी हाय. रक्त चढवाला नाय लागलं. डॉक्टरीण बोलली, वेळेवर भरलंत म्हणून." मागे कुणीतरी रडत होतं, बारीक आणि सणसणीत. "रंग नाय विचारला तुम्ही?"

"मी विचारत नसते, मावशी."

"विचारा वो."

"बरं. रंग कसा आहे?"

"अजून काय कळत नाय. लालच हाय. इथं चार पोरं झालीत सकाळपासनं, चारी लाल. सगळीच असतात काय लाल?"

"सगळीच असतात."

"मला एवढ्या वर्सात कोण बोललं नाय," ती म्हणाली. मग आवाज एकदम कामाचा झाला. "ठेवते. हिला चहा द्याचा हाय, दोन घोट पण घेतला नाय अजून."